मोजणाऱ्यांनी फक्त मोजावे

6 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होते. त्या दिवशी अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसली, राज्याराज्यांतून आलेली प्रमाणपत्रे उघडली गेली आणि डोनाल्ड ट्रम्प यांना 312, तर आपल्याला 226 मते मिळाल्याचे उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी स्वतःच जाहीर केले. तासाभराच्या आत सगळे आटोपले. एकही हरकत नाही, आरडाओरडा नाही.

चार वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्याच इमारतीत जमाव घुसला होता, ते जगाने पाहिले होते. त्यामुळे या शांततेचे श्रेय या मोजणीबाबतच्या 2022 च्या नव्या कायद्याला देण्याची घाई अनेकांनी केली. मला ते पटत नाही. 2025 साली सारे सुरळीत झाले, कारण हरलेल्या बाजूने हार मान्य केली होती. हरलेला हटून बसतो तेव्हाच अशा कायद्याचा कस लागतो, आणि ती वेळ अजून आलेली नाही. ती येईल तेव्हा अमेरिकेला एका जुन्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल: वादात सापडलेल्या मतांचा निवाडा कायदेमंडळाने करावा का? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. निवाडा कोण करणार आणि कोणत्या नियमाने, हे मतदानाच्या आधी ठरलेले हवे, आणि तो निवाडा ज्यांचा राजकीय जीव त्या निकालात अडकला आहे त्यांच्या हाती नसावा.

घोळाचे मूळ घटनेतच आहे. अमेरिकेत लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाहीत, ते आपापल्या राज्याचे इलेक्टर निवडतात. आज असे 538 इलेक्टर असतात आणि जिंकायला 270 लागतात. डिसेंबरात ते आपापल्या राज्यात मते देतात आणि सहीनिशी प्रमाणपत्रे राजधानीला पाठवतात. 1804 च्या बाराव्या घटनादुरुस्तीनुसार सिनेटचे अध्यक्ष, म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष, दोन्ही सभागृहांसमक्ष ती उघडतात, 'आणि मग मते मोजली जातात'. कोण मोजणार, एका राज्यातून दोन लखोटे आले तर खरा कोणता, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. 1801 मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष आणि उमेदवार थॉमस जेफरसन यांनी जॉर्जियाची कागदोपत्री सदोष मते निमूटपणे स्वतःच्याच खात्यात मोजून घेतली. 1856 च्या डिसेंबरात हिमवादळामुळे विस्कॉन्सिनचे इलेक्टर ठरलेल्या दिवशी जमू शकले नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी मते दिली. ती पाच मते धरायची की नाही यावर काँग्रेसमध्ये (आपला पक्ष नव्हे, त्यांची संसद) दोन दिवस खल झाला. निकालावर परिणाम होणार नव्हता म्हणून तो वाद तसाच विरला. परिणाम होणार असता तर काय झाले असते, ते वीस वर्षांनी कळले.

1876 च्या निवडणुकीत डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना देशभरात सुमारे अडीच लाख मते जास्त होती. इलेक्टोरल मतांत त्यांच्याकडे निर्विवाद 184 होती आणि बहुमताला 185 लागत होती. रिपब्लिकन रदरफोर्ड हेज 165 वर होते. उरलेली 20 मते वादात होती: फ्लोरिडाची 4, लुइझियानाची 8, साउथ कॅरोलायनाची 7 आणि ओरेगॉनचे एक. टिल्डनना त्यातले एक पुरे होते, हेजना वीसच्या वीस हवी होती. दक्षिणेतल्या तीन राज्यांतून दोन्ही पक्षांच्या इलेक्टरांनी आपापली प्रमाणपत्रे धाडली होती. कृष्णवर्णीय मतदारांना बंदुकीच्या धाकाने घरी बसवणे एका बाजूने झाले, तर मतमोजणी मंडळांनी विरोधकांची मते हजारोंनी बाद करणे दुसऱ्या बाजूने. ओरेगॉनमध्ये तर एक रिपब्लिकन इलेक्टर पोस्टमास्तर निघाला. सरकारी पदावरचा माणूस इलेक्टर होऊ शकत नाही, म्हणून डेमोक्रॅट गव्हर्नरने त्याच्या जागी आपल्या पक्षाचा माणूस बसवून टाकला.

सिनेट रिपब्लिकनांच्या हातात, प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांच्या हातात. 1865 मध्ये केलेल्या नियमानुसार कोणतेही एक सभागृह कोणत्याही राज्याची मते बाद करू शकत होते, आणि 1873 मध्ये त्याच नियमाखाली लुइझियाना आणि आर्कान्साची मते कचऱ्यात गेली होती. तो नियम राहिला असता तर प्रतिनिधीगृहाने हेजची मते उडवली असती. सिनेटने तो 1876 च्या सुरुवातीलाच मोडीत काढला होता. म्हणजे ऐन वेळी नियमच नव्हता. मग पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीश असा पंधरा जणांचा आयोग नेमला गेला. हिशेब असा होता की सात डेमोक्रॅट, सात रिपब्लिकन आणि पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस कुणाचेच नाहीत. पण नेमक्या त्याच दिवसांत इलिनॉयच्या विधिमंडळाने, डेमोक्रॅटांच्याच मदतीने, डेव्हिस यांना सिनेटवर निवडून दिले. डेव्हिस यांनी आयोगातून अंग काढून घेतले. त्यांच्या जागी आलेले जोसेफ ब्रॅडली रिपब्लिकन होते.

पुढचे सांगायलाच नको. प्रत्येक वादग्रस्त राज्यावर निकाल आठ विरुद्ध सात. आयोगाने घेतलेली कायदेशीर भूमिका (राज्याने प्रमाणित केलेल्या निकालाच्या मागे जाऊन आम्ही चौकशी करणार नाही) एरवी समर्थनीय म्हणता आली असती. पण ती पक्षाची रेघ धरूनच आल्यामुळे कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. 2 मार्च 1877 च्या पहाटे मोजणी संपली: हेज 185, टिल्डन 184. शपथविधीला दोन दिवस उरले होते आणि त्यातला दुसरा रविवार. हेज यांनी शनिवारी व्हाइट हाउसमध्ये गुपचूप शपथ घेतली आणि सोमवारी ती लोकांसमोर पुन्हा घेतली.

दरम्यान फेब्रुवारीच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात दोन्ही बाजूंचे लोक बसले होते. हेज राष्ट्राध्यक्ष झाले तर दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या संघीय सैन्याचा हात निघेल, असे तिथे ठरल्याचे सांगतात. सौदा नेमका किती आणि कुणात झाला यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. पण एप्रिलमध्ये सैन्याने साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाची शासकीय भवने सोडली, आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढची सुमारे नव्वद वर्षे कागदावर राहिला. ते हॉटेल जेम्स वर्मली नावाच्या कृष्णवर्णीय उद्योजकाच्या मालकीचे होते. राजकारणी एखादा वाद 'सामोपचाराने' मिटवतात तेव्हा किंमत त्या खोलीत नसलेल्यांनाच द्यावी लागते, हे मला या प्रकरणातले सर्वांत कडवट सत्य वाटते. न्यायालयाला सैन्य मागे घेण्याचे आमिष दाखवता येत नाही. संसदेला येते, कारण देवाणघेवाण हा तिचा धंदाच आहे, आणि अर्थसंकल्पाच्या बाबतीत तो योग्यही आहे.

या धक्क्यातून कायदा करायला काँग्रेसला दहा वर्षे लागली. 1887 च्या त्या कायद्याने एक सिनेटर आणि एक प्रतिनिधी लेखी हरकत घेऊ शकतील, मग सभागृहे वेगळी बसून दोन तास चर्चा करतील, आणि दोन्ही सहमत असतील तरच मत बाद होईल, असे ठरवले. भाषा इतकी बोजड की वकिलांनाही घाम फुटावा. तरी तो कायदा शतकाहून अधिक काळ तगला, बहुधा त्याच्यावर जोर पडलाच नाही म्हणून.

त्याच्या काळातला एक प्रसंग मात्र मला आदर्श वाटतो. 1960 मध्ये हवाईत आधी निक्सन जिंकल्याचे जाहीर झाले. फेरमोजणी सुरू असतानाच इलेक्टरांच्या मतदानाचा दिवस उजाडला, तेव्हा दोन्ही पक्षांच्या इलेक्टरांनी मते दिली. 30 डिसेंबरला तिथल्या न्यायालयाने केनेडी 115 मतांनी जिंकल्याचे ठरवले आणि रिपब्लिकन गव्हर्नरने मुकाट्याने नवे प्रमाणपत्र रवाना केले. 6 जानेवारी 1961 ला हवाईचे तीन लखोटे ज्यांच्यासमोर आले ते पीठासीन अधिकारी होते खुद्द रिचर्ड निक्सन. त्यांनी केनेडींच्या बाजूचे प्रमाणपत्र धरावे असे सुचवले, हा पायंडा समजू नये अशी पुस्तीही जोडली, आणि कुणी हरकत घेतली नाही. निक्सन यांच्या दिलदारीचे कौतुक होते, ते होऊ द्या. एवीतेवी ते हरलेलेच होते. महत्त्वाचे हे की वाद हवाईत, पुरावे तपासून, न्यायालयात सुटला होता आणि वॉशिंग्टनला फक्त निकाल पोचला होता. 2020 मध्ये सात राज्यांत पराभूत पक्षाच्या इलेक्टरांनी बनावट प्रमाणपत्रे तयार केली, तेव्हा त्यामागच्या वकिलांनी याच हवाईचा दाखला दिला. फरक एवढाच की 1960 मध्ये खरोखरची फेरमोजणी चालू होती.

हरकतीचे हत्यार एकाच पक्षाने वापरले असेही नाही. जानेवारी 2001 मध्ये फ्लोरिडाच्या मतांवर डेमोक्रॅट प्रतिनिधी एकामागून एक उभे राहिले. एकाही सिनेटरची सही नव्हती. मॅक्सिन वॉटर्स म्हणाल्या, सही नसल्याची मला पर्वा नाही. पीठावर असलेले, ती निवडणूक हरलेले अल गोर, ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते तेच, म्हणाले की नियमांना मात्र पर्वा आहे. 2005 मध्ये ओहायोवर सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी सही दिली आणि दोन्ही सभागृहे वेगळी बसली. सिनेटमध्ये हरकतीच्या बाजूने पडलेले एकमेव मत त्यांचेच. 2017 मध्ये पुन्हा काही डेमोक्रॅट उठले आणि तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी 'संपलं आता' म्हणून त्यांना बसवले. या हरकती 2021 च्या तोलाच्या नव्हत्या, हे मान्यच करायला हवे. 2004 चे डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांनी केव्हाच हार मानली होती, मतदान उलटवण्याचा बेत नव्हता, इमारतीबाहेर जमाव नव्हता. पण आपण हरलो की सभागृहात निषेधाचा कार्यक्रम करायचा, ही सवय तिथेच लागली. आपला तो बाब्या, या न्यायाने डेमोक्रॅट आज ते विसरू पाहतात.

मग 2021. ट्रम्प यांच्या पराभवाला आव्हान देणारे साठाहून अधिक दावे न्यायालयांत दाखल झाले आणि किरकोळ अपवाद वगळता सगळे फेटाळले गेले. फेटाळणाऱ्यांत ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायाधीशही होते. तरीही जमावाने इमारत फोडल्यानंतर, काचांचा खच पडलेला असताना, ॲरिझोनाच्या मतांवर प्रतिनिधीगृहात 121 जणांनी हरकतीच्या बाजूने मत दिले, आणि पेनसिल्व्हेनियावर 138 जणांनी. सिनेटमधले आकडे 6 आणि 7. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी मते बाद करायला नकार दिला म्हणून ती पहाट उजाडली. सव्वादोनशे वर्षे घटना चालवणाऱ्या देशाचा निकाल एका माणसाच्या सद्सद्विवेकावर टांगलेला असणे, हे त्या माणसाला शोभादायक आहे, व्यवस्थेला नाही.

2022 अखेरचा सुधारणा कायदा सुसान कॉलिन्स आणि जो मँचिन या दोन पक्षांतल्या सिनेटरांच्या पुढाकाराने झाला, आणि तो बराचसा चांगला आहे. उपराष्ट्राध्यक्षांचे काम निव्वळ औपचारिक असल्याचे त्याने लिहून ठेवले. राज्याकडून एकच अधिकृत प्रमाणपत्र येईल, ते ठरलेल्या मुदतीत येईल, आणि न्यायालयाने ते बदलले तर बदललेलेच ग्राह्य धरावे लागेल. उमेदवाराची तक्रार तीन न्यायाधीशांपुढे तातडीने चालेल आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल. निवडणूक 'फसली' असे म्हणून विधिमंडळाने नंतर परस्पर इलेक्टर नेमण्याची 1845 पासूनची पळवाटही बुजवली. हरकतीला आता प्रत्येक सभागृहातल्या एकपंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात.

पण दार बंद केलेले नाही, जड केले आहे. हरकतीची दोन कारणे कायद्याने शिल्लक ठेवली. एक, इलेक्टर कायदेशीररीत्या प्रमाणित नाहीत. दोन, इलेक्टरचे मत 'रीतसर' दिलेले नाही. या दुसऱ्या कारणाची व्याख्या कायद्यात कुठेच नाही. गंमत पाहा: पहिल्या कारणाने मते बाद झाली तर एकूण संख्याही तेवढी घटते आणि उरलेल्यांतले बहुमत पुरते. दुसऱ्या कारणाने बाद झाली तर एकूण संख्या तीच राहते. मग आघाडीवरचा उमेदवार 270 च्या खाली येऊ शकतो आणि निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. 52 प्रतिनिधींच्या कॅलिफोर्नियाला एक आणि एका प्रतिनिधीच्या वायोमिंगलाही एक. 1825 मध्ये असेच झाले होते. अँड्र्यू जॅक्सन यांना 99 इलेक्टोरल मते होती, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना 84, आणि सभागृहाने ॲडम्स यांना निवडले. म्हणजे जे कारण सर्वांत संदिग्ध, तेच वापरणाऱ्याला सर्वांत फायद्याचे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. लोकशाहीत अंतिम शब्द लोकांनी निवडलेल्यांचा हवा, आजन्म नेमलेल्या न्यायाधीशांचा का? शिवाय न्यायाधीश तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? 12 डिसेंबर 2000 रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फ्लोरिडाची फेरमोजणी थांबवली, 537 मतांची आघाडी कायम राहिली आणि जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले. ते पाचही न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. तो निकाल मलाही पटत नाही. तरी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. न्यायालयाला कारणे लिहून द्यावी लागली, आणि त्या कारणांची चिरफाड आज पंचवीस वर्षे चालू आहे. 138 प्रतिनिधींना हात वर करताना एक ओळही लिहावी लागली नाही. दुसरे, ते न्यायालय त्या भांडणासाठी बनवलेले नव्हते. 1877 च्या आयोगातही न्यायाधीश होते, पण वाद पेटल्यावर, कुणाला कोणते उत्तर हवे हे माहीत असताना निवडलेले.

आपल्याकडे घटनाकारांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. राष्ट्रपतीही आपल्याकडे निर्वाचक मंडळच निवडते, आणि अनुच्छेद 71 नुसार त्या निवडणुकीचा प्रत्येक वाद सर्वोच्च न्यायालयाकडे जातो. संसदेने त्यात तोंड घालायचे नाही. 1957 मध्ये नागपूरचे डॉ. ना. भा. खरे, जुन्या मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री), या न्यायालयात गेले होते. हिमाचल आणि पंजाबातल्या काही मतदारसंघांत निवडणुका बाकी असताना राष्ट्रपती निवडायचाच कसा, हा त्यांचा प्रश्न. निवडणूक पूर्ण झाल्यावर या, असे न्यायालयाने सांगितले. प्रश्न मात्र निरर्थक नव्हता. 1961 च्या अकराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचक मंडळातल्या रिकाम्या जागा हे निवडणुकीला आव्हान देण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. पुढची निवडणूक येण्याआधी नियम ठरला. 1969 मध्ये व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख यांच्यात लढत झाली. निकाल दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागला, निवडणूक लढवताना रेड्डींविरुद्ध गलिच्छ पत्रक वाटल्याचा आरोप झाला, आणि राष्ट्रपती गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यायला उभे राहिले. याचिका फेटाळली गेली. 2012 मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरलेले पी. ए. संगमा यांची याचिका तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली गेली. राष्ट्रपती भवनावर कुणी चालून गेले नाही.

आपला राष्ट्रपती बहुतांशी नामधारी असतो, अमेरिकेचा सर्वसत्ताधारी, तेव्हा पणाला लागलेले वेगळे आहे हे खरे. पण संसदेला हा मोह होत नाही असे नाही. ऑगस्ट 1975 मध्ये, इंदिरा गांधींचे अपील सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्याच्या तोंडावर, 39 व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधान आणि सभापतींच्या निवडणुकांबरोबर राष्ट्रपतिपदाचे वादही न्यायालयाच्या कक्षेतून बाहेर काढले. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने अनुच्छेद 71 पूर्ववत झाला. आणि पक्षांतरबंदीचे निवाडे आपण विधानसभाध्यक्षांकडेच ठेवले, त्याचे फळ महाराष्ट्राने चाखले आहे. मे 2023 मध्ये न्यायालयाने शिवसेनेतल्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे पाठवला, जानेवारी 2024 मध्ये तो आला, दोन्ही गटांतले कुणीच अपात्र ठरले नाही, आणि निकाल काय लागणार याबद्दल दरम्यान फारशी पैजही लागली नसेल. निकाल कायद्याला धरून असेलही. पण तो देणारा एका बाजूचा आमदार असताना ते कुणाला पटवून देणार?

अमेरिकेने करायचे ते अवघड नाही. 'रीतसर' म्हणजे काय ते कायद्यात लिहावे: चुकीच्या दिवशी दिलेले मत, अपात्र व्यक्तीला दिलेले मत, लाच घेऊन दिलेले मत. त्याची तक्रार इतर तक्रारींसारखीच तीन न्यायाधीशांपुढे, इलेक्टरांचे मतदान झाल्यापासून काही दिवसांत जावी, आणि 6 जानेवारीला काँग्रेसने फक्त बेरीज करावी. एकपंचमांशाची अट पुरेशी आहे असे सांगणाऱ्यांनी 2021 चे आकडे पुन्हा पाहावेत. प्रतिनिधीगृहात आता 87 सह्या लागतात. त्या दिवशी तिथे दोनपैकी एखाद्या तरी हरकतीच्या बाजूने मत देणारे 139 होते. सिनेटमध्ये 20 लागतात, आणि होते 8. अडसर आहे तो तेवढाच, उरलेल्या बारा सिनेटरांचा.